चौथा तुकडा

दिवाळीनंतरच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, तलवाड्यापासून पायी तासाभरावर असलेल्या एका शाळेत चौथीच्या अठरा मुलांनी सहा भाकरी मोडल्या. प्रत्येक भाकरीचे चार तुकडे झाले. सांगितले होते तीन.

शिक्षक मी होतो. वय तेवीस. कायमचे शिक्षक लांबच्या रजेवर गेले होते आणि त्यांच्या जागेवर मला एका हंगामापुरते घेतले होते. त्यानंतर मी वर्तमानपत्रात गेलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो, त्यामुळे शिकवण्याचा माझा सगळा अनुभव त्या एका हंगामाचा आहे. तो गळीत हंगाम होता. त्या भागात वर्षाचे दोनच भाग पडतात: माणसे गावात असतात तो, आणि माणसे ऊस तोडायला कारखान्यावर असतात तो. त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पाऊस झाला नव्हता. गावाला टँकर येत होता, जनावरे छावणीत होती आणि माणसे दिवाळीचे दिवे विझायच्या आत ट्रकची वाट पाहू लागली होती.

परवा गेवराईच्या बसस्थानकाबाहेर एक ट्रक उभा होता. वर हंडे, पत्रे, बाजा, बांधलेल्या गोधड्या, एक शेळी आणि दोन पोरी. त्यातली धाकटी भाकरी खात होती. तिने भाकरी आधी मधोमध मोडली, मग अर्धकांची पुन्हा अर्धके केली, आणि त्यातला एक तुकडा शेळीपुढे धरला. हे पाहिले म्हणून हा मजकूर.

आमच्या वर्गात अपूर्णांकांना सुरुवात झाली ती फजितीने. "अर्धा म्हणजे काय, कोण सांगेल?" असे मी विचारले. उत्तरात अर्धी भाकरी किंवा अर्धा पेरू येईल असा माझा अंदाज होता. दत्ता नावाचा मुलगा उभा राहिला.

"माझा चुलता, गुर्जी."

"चुलता अर्धा कसा?"

"त्याचं लगीन न्हाई झालं."

वर्ग हसला. मला कळले नाही, तेव्हा मुलांनी समजावून सांगितले. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून जातात. त्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. दत्ताचा चुलता तीन वर्षे अर्धा होता आणि घरचे त्याला पूर्ण करण्याच्या खटपटीत होते. अपूर्णांकाची व्याख्या क्रमिक पुस्तकात दिलेली होती; ती मी त्या दिवशी वाचून दाखवली नाही.

या वर्गात सुजाता होती. वय दहा, दोन वेण्या, पाटी कायम मांडीवर उलटी धरलेली, कारण उत्तर आधी आपल्याला पटल्याशिवाय ती कोणाला दाखवत नसे. तिचे वडील किसन आणि आई शांता दरवर्षी एक कोयता म्हणून जात. त्या वर्षी घरात आठ महिन्यांचा भाऊ होता. शेजारच्या दोन घरांतही तान्ही लेकरे होती. तिन्ही घरांच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या, कारखान्यावर एकाला एक लागून पडत. ठरले होते असे: तीन कोयते उसात जातील आणि तिन्ही लेकरे सुजाता सांभाळील. ट्रक पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी येणार होता. एकदा गेलेले मूल चैत्रात परत येते, आणि परत आल्यावर वर्गात बसायला लाजते. मागच्या वर्षी गेलेली दोन मुले अशीच परत आली होती. ती गावात होती, शाळेत नव्हती.

सुजाताने हे मला रडून सांगितले नाही. तिने एक व्यवहारी प्रश्न विचारला. "गुर्जी, अपूर्णांक शुक्रवारपस्तोर संपतील का?"

मी हो म्हणालो. ते खोटे होते. पुस्तकात त्या धड्याला तीन आठवडे दिलेले होते.

घाई करायची तर खडू-फळा उपयोगाचा नव्हता. पाव म्हटले की मुलांना चहाबरोबरचा पाव आठवे आणि चार हा आकडा तीनपेक्षा मोठा म्हणून चौथा हिस्सा तिसऱ्यापेक्षा मोठा, असे सतरा जण छातीठोकपणे सांगत. अठरावी सुजाता गप्प असे. म्हणून मी खाण्याच्या वस्तू आणायचे ठरवले. दुष्काळात हा विचार जरा उधळपट्टीचा होता. पण मोडलेली भाकरी पोटातच जाते, तेव्हा नासाडी होत नाही, असा हिशेब मी माझ्याशी केला. भाकरी कौसाआत्याने भाजून दिल्या. कौसाआत्या म्हणजे किसनची बहीण, सुजाताची सख्खी आत्या. सासर गावातच. ती सकाळी दूध संस्थेतले कॅन धुवायची आणि दोन्ही वेळा मला जेवायला घालायची.

"सहा भाकरी? एकट्याला?" तिने विचारले.

"वर्गाला मोडायला."

"मोडायला भाजायची व्हय? आमच्यात खायाला भाजतेत."

तर, सहा भाकरी, तिघांचे सहा गट, आणि प्रत्येक गटापुढे चार तुकडे. मी एका गटाला विचारले, "तिघांत वाटायची आहे. चार तुकडे का केले?"

"तिघांचे तीन आन् एक गायीचा," दत्ता म्हणाला.

"आमच्यात शेळीचा," सुजाता म्हणाली.

"आमच्यात कुत्र्याला घालतेत," मागून तिसरा गट.

यावर वाद झाला. कोणाच्या घरी चौथा तुकडा कोणाचा, याची यादी होत गेली. गाय, शेळी, कुत्रा, कावळा. एका घरी दारावर येणारा फकीर. चौथा तुकडा नाही असे घर एकही निघाले नाही. मी म्हणालो, गायी तर छावणीत आहेत.

"म्हणून काय तिचा वाटा जातो का?" दत्ताने विचारले.

मला तिसरा हिस्सा शिकवायचा होता. मी कंपासपेटी काढली. कौसाआत्याने वर घातलेल्या एका जादा भाकरीच्या मध्यावर खूण केली, कोनमापकाने एकशेवीस अंश मोजले, पट्टी ठेवली, सुरीने रेघ मारली. मुले माना पुढे काढून पाहत होती. भाकरीच्या कडा जाड असतात आणि मध्य पातळ, ही गोष्ट कोनमापकाला माहीत नव्हती. दोन तुकडे झाले तेवढे ठीक झाले. तिसरा रेघ सोडून आपल्या मनाने मोडला.

"कोर निघाली रं," कोणीतरी हळूच म्हणाले.

तेवढ्यात सुजाताच्या गटाने काय केले ते मला उशिरा दिसले. त्यांनी तीन तुकडे तिघांना दिले होते आणि शेळीचा चौथा तुकडा मध्ये ठेवला होता. गुरुजी म्हणतात शेळीला द्यायचा नाही, तिघांतच वाटायचा. बरे. सुजाताने तो चौथा तुकडा घेतला आणि त्याचे चार केले. तीन वाटले, एक उरला. त्याचे पुन्हा चार. तीन वाटले, एक उरला. तो नखाएवढा होता. तिने त्याचेही चार केले. उरला तो कण.

"आता हा कुणाचा?" मी विचारले.

"मुंगीचा," दत्ता दुसऱ्या गटातून ओरडला.

मुंगी होतीच. तिने तो कण उचलून नेला, याला अठरा साक्षीदार आहेत.

तीन मुलांपुढे तीन ढीग होते, प्रत्येकात एक मोठा तुकडा, एक मध्यम, एक लहान, एक भुगा. मी त्यांना सांगायला निघालो होतो की हे चूक आहे. तिसरा हिस्सा म्हणजे दुसरे काय असते? भाकरी संपली होती, तिघांना सारखे मिळाले होते आणि उरले होते ते मुंगीने नेले होते. ज्या हातांना फक्त अर्ध्याचे अर्धे करता येते, त्या हातांनी तिसरा हिस्सा काढला होता.

तरी पुरावा पाहिजे. नारळाच्या दोन करवंट्या, सुतळी आणि छडी यांचा तराजू आम्ही बटाटे तोलायच्या खेळासाठी केला होता. त्यात सुजाताच्या गटाचे दोन ढीग टाकले. दांडी आडवी राहिली. तिसरा टाकून पाहिला. आडवीच. मग मुलांनी हट्ट धरला की गुरुजींचे तुकडेही तोलायचे. तोलले. एक करवंटी खाली गेली ती गेलीच.

"गुर्जी, तुमचं लई कमी भरलं," सुजाता म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा तिने पाटी सुलटी धरली होती.

नंतर सगळ्यांनी भाकरी खाल्ली. तिखट मीठ दत्ताच्या खिशात होते. ते तिथे का होते, हे विचारायचे राहून गेले.

पुढे मी वर्तमानपत्राच्या टेबलावर बसून आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. धरणात एक तृतीयांश पाणी, एक तृतीयांश मतदान, एक तृतीयांश पीक गेले. दर वेळी मी बातमीदाराला विचारी, "मोजले कोणी?" तो चिडे. त्याला करवंटीचा तराजू माहीत नव्हता.

त्या दहा दिवसांत वर्गाला दुष्काळ आहे हे आठवायला सवड नव्हती. गावातल्या दूध संस्थेत तेव्हा कॅन निम्मेही भरत नव्हते. सचिव रशीदचाचा सकाळी आठलाच मोकळे होत. मी मापे मागितली तर त्यांनी सगळा संचच हातात दिला: लिटर, अर्धा, पाव, आणि शंभर मिलीचे लांब दांड्याचे.

"न्या मास्तर. दूध न्हाई तर मापं तरी कामाला येऊंद्या."

त्यांना लहानपणचे पाढे पाठ होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. त्यांनी शाळेच्या ओट्यावर बसून मुलांना ते एका दमात म्हणून दाखवले. श्वास घेतला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारले, यात तिसरा हिस्सा कुठे आहे?

चाचांनी विचार केला. "नहीं है. पायली, शेर, मापटं, चिपटं, समदं निम्म्यानं निम्मं. तिसऱ्याचं मापच नव्हतं गावात. तिसरा मागणारा आला की मापं बाजूला ठेवायची आन् चार माणसं बोलवायची."

मापे वापरायची तर पाणी पाहिजे. टँकरचे पाणी शाळेच्या पिंपात असे. नियम असा केला की पाणी पिंपातून घ्यायचे, मापायचे आणि पिंपातच ओतायचे. ज्या गटाचा थेंब सांडेल त्याचा एक गुण जाईल. पाव लिटर चार वेळा म्हणजे एक लिटर, हे मुलांनी जीभ बाहेर काढून, श्वास रोखून सिद्ध केले. एकाने सांडलेला थेंब वाकून जिभेने टिपला आणि गुण परत मागितला. मी दिला.

शनिवारी मी सायकलने उमापूरला गेलो. तिथल्या एका शेतकऱ्याची मोसंबीची बाग वाळत होती. गळालेली फळे लिंबाएवढी होती. त्याने पिशवी भरून दिली आणि म्हणाला, "आंबट हायत, पर मोजायला चालतील." सोमवारी वर्गात अठरा मोसंब्या सोलल्या गेल्या. एकीत दहा फोडी, एकीत अकरा, एकीत नऊ आणि एक कुपोषित. एक फोड म्हणजे माझ्या मोसंबीचा दहावा हिस्सा, तुझ्या मोसंबीचा अकरावा. मग कोणाची फोड मोठी? आता सतरा जण उलट बाजूने छातीठोक झाले होते. जितके वाटेकरी जास्त तितका वाटा बारीक, हे त्यांनी आंबट तोंडांनी सांगितले. वर्गात दिवसभर सालींचा वास होता. आजही मोसंबी सोलताना मी फोडी मोजतो. घरच्यांना याची सवय झाली आहे.

त्याच सोमवारी शाळा सुटल्यावर सुजाताने विचारले, "गुर्जी, वाटा भाकरीचाच होतो का?"

"म्हणजे?"

"कामाचा बी होतो का?"

मी म्हणालो, होतो. आणखी काही विचारले नाही. वर्तमानपत्रात गेल्यावर असा निष्काळजीपणा मी पुन्हा केला नाही.

बुधवारी, म्हणजे ट्रक यायच्या दोन दिवस आधी, दिवस मावळायच्या वेळी कौसाआत्याने निरोप पाठवला. किसनच्या घरी या. अंगणात तिन्ही कोयते बसले होते, म्हणजे सहा माणसे: किसन आणि शांता, आणि शेजारच्या दोन जोड्या. तीन लेकरे तीन मांड्यांवर. मध्ये सुजाता उभी. तिच्यापुढे जमिनीवर तीन दगड मांडलेले होते. पुढचे मी ऐकले तसे देतो.

"तीन लेकरं," सुजाता म्हणाली. "तिघी बाया. एकीनं एक दिस कोपीवर थांबायचं. दुसऱ्या दिशी दुसरीनं. दर तिसऱ्या दिशी पाळी."

"आन् तू?" किसनने विचारले.

"मी आत्याकडं. शाळंत."

किसन हसला. "लेकरू काय भाकर हाय का, तोडून वाटाया?"

"लेकरू न्हाई वाटायचं, आबा. सांभाळणं वाटायचं."

शांता म्हणाली, "आगं, जी थांबंल तिचा कोयता त्या दिशी अर्धा. दर तिसऱ्या दिशी अर्धा. मोळ्या बांधायच्या कुणी? तुझ्या बापाच्यानं एकट्याच्यानं होतंय का?" ती रागावली नव्हती. थकलेल्या माणसाचा हिशेब होता तो.

सुजाता खाली बसली. दगडांकडे पाहिले. एक लेकरू रडायला लागले आणि आईने ते दुसऱ्या मांडीवर घेतले. मग सुजाताने आणखी तीन दगड आणून पहिल्या तिघांशेजारी ठेवले.

"तिघी कावून? माणसं सहा हायत."

शेजारच्या दोघा पुरुषांनी एकमेकांकडे पाहिले. किसन म्हणाला, "तू आमा गड्यांना बी मोजलं का काय?"

"भाकर वाटताना मोजतो की, आबा."

कौसाआत्या चुलीपुढे बसली होती. ती इतकी हसली की तिला फुंकणी खाली ठेवावी लागली. "मोजलं रं मोजलं, किसना. आता दे उत्तर."

"गडी माणसानं तान्ही लेकरं धरायची? कारखान्यावर लोकं काय म्हणतील?"

"म्हणतील, धरलं," शांता म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. ती दगडांकडे पाहत होती आणि बोटांवर काही मोजत होती. शाळेत ती कधी गेली नव्हती. "सहा दिसांतून एक. हप्त्याच्या बाजारादिशी तर समदीच कोपीवर असतेत. मंजी समद्यांच्या कामातला सहावा हिस्सा जातोय. पोरीचं आख्खं वरीस जातंय, त्ये?"

सहावा हिस्सा मी शिकवलेला नव्हता. धडा तिथवर पोचलाच नव्हता.

त्यानंतर अर्धा तास बोलणे झाले. शेजारच्या एका बाईने मान्य केले, तिच्या नवऱ्याने केले नाही, मग केले. मुकादमाचे काय, असे एकाने विचारले. त्याला गाडीत तीन कोयते लागतात, कोपीवर कोण बसले ते तो बघत नाही, असे किसन म्हणाला. मी मुकादमाशी बोललो नाही, त्यामुळे ही माहिती एकाच बाजूची आहे. कौसाआत्याने आपला निर्णय आधीच घेतलेला दिसला. "माझ्याकडं राहील ती. एक भाकर जास्तीची भाजीन. आन् भाकरीचा चौथा तुकडा कुत्रं खातंय, त्यो मी हिलाच वाढीन."

"कुत्र्याचा नको," सुजाता म्हणाली. "मला माझा वाढ."

किसन उठला. त्याने शांताच्या मांडीवरचे लेकरू उचलले आणि दोन्ही हातांनी, मापातले पाणी धरावे तसे, समोर धरले. लेकराने त्याच्या सदऱ्यावर मुतले. अंगणातली सगळी माणसे हसली. पहिली पाळी तिथेच सुरू झाली असे धरायला हरकत नाही.

शुक्रवारी सकाळी ट्रक आला आणि गेला. हंडे, पत्रे, गोधड्या, तीन कोयते, तीन लेकरे. सुजाता खाली उभी होती. ट्रक वळणाआड गेल्यावर ती कौसाआत्याबरोबर दूध संस्थेत गेली आणि त्या दिवशी तिने कॅन धुतले. शनिवारी ती वर्गात आली, आपल्या जागेवर बसली आणि विचारले, "गुर्जी, सहाव्या हिश्श्याचं कवा शिकवणार?"

तो हंगाम मला आठवतो तो असा. टँकर येत होता, विहिरी कोरड्या होत्या, छावणीतल्या गायींची हाडे दिसत होती. हे सगळे खरे आहे आणि मी नंतर त्यावर पुष्कळ लिहिले. पण आठवण काढली की आधी मोसंबीच्या सालींचा वास येतो, मग पिंपात परत पडणाऱ्या पाण्याचा आवाज. मग रशीदचाचांची दिडकी.

महिन्याभराने कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावरून सुजाताला पोस्टकार्ड आले. अक्षर किसनचे होते, शिसपेन्सिलीने लिहिलेले. तिने ते वर्गात मोठ्याने वाचले: "आज बुधवार. आज माझी पाळी हाय. तिन्ही लेकरं निजली. तू नीट शिक. दोन निजली, एक उठलं. बाकी खुशाल."

दत्ताने विचारले, "तिघांतलं एक उठलं, मंजी कितवा हिस्सा उठला?"

दत्ता धरून सतरा हात वर झाले. अठरावा सुजाताचा, पत्र धरलेला.

काल मी त्या शाळेत गेलो. आताच्या मुख्याध्यापकांनी जुने हजेरीपट कपाटातून काढून दिले. त्या वर्षीचा चौथीचा पट सापडला. पानांच्या कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, मधला मजकूर शाबूत आहे. दिवाळीपासून चैत्रापर्यंत सुजाताच्या नावापुढे एकच गैरहजेरी आहे. ती त्या शुक्रवारची आहे.